पाणी कोठें मुरतें ?

‘कोठें तरी पाणी मुरत आहे’ हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम योजिला त्याच्या घरीं शेत असावें, आणि त्या शेतापर्यंत लांबून पाणी आणण्याचा व्यापहि त्याच्या मागें असावा, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. शहरांतील माणूस हे शब्द हिशेबांतील अफरातफरीसंबंधानें वापरतो; आम्हां खेड्यांतल्या लोकांस त्यांचा मूळ अर्थच पुरेसा त्रासदायक आहे. गेल्या मार्गशीर्षांत माझें पाणी जमिनीखालीं एके ठिकाणीं मुरत होतें, माझ्या मनांतला संशय भलत्याच ठिकाणीं मुरत होता, आणि या घोळांत एक चांगला शेजारी मी गमावण्याच्या बेतांत होतों. ती हकीकत, व तिच्या ओघांत पुरलेल्या नळाची गळती कशी शोधावी आणि कशी बुजवावी याविषयीं जें कळलें तें, येथें सांगणार आहें. ज्यांची वडिलोपार्जित शेती गांवीं बटईनें दिलेली आहे आणि जे स्वतः पुण्या-मुंबईस राहतात, त्यांच्या तें कधीं ना कधीं कामीं येईल.

हिंगोली जिल्ह्यांतील आमचें नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. पंढरीची आषाढी आटोपल्यावर वद्य एकादशीला येथें परतवारीसाठीं माणसांची रीघ लागते. नामदेवांचीं पदें गुरु ग्रंथसाहिबांत असल्यामुळें पंजाबांतूनहि भाविक येतात. गांवाजवळून कयाधू वाहते आणि पुढें पैनगंगेस मिळते. पावसाळ्यांत ती नदी असते, उन्हाळ्यांत नदीची आठवण. तिच्या कांठीं माझी विहीर आहे; शेत मात्र तेथून सुमारें १,२०० फूट लांब, चढावर आहे. मध्यें शेजाऱ्याचें वावर पडतें. त्याच्या संमतीनें २०११ सालीं मीं ९० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसीचा नळ जमिनीखालून नेला. हा नळ सहा मीटरांच्या, म्हणजे अदमासें वीस फुटांच्या, तुकड्यांनीं मिळतो. प्रत्येक तुकड्याचें एक तोंड फुगीर असतें; त्यांत दुसऱ्या तुकड्याचें टोंक ‘सोल्युशन’ लावून बसवावयाचें. म्हणजे १,२०० फुटांत साठ तुकडे आणि जवळजवळ तितकेच सांधे. परीक्षेंत साठांपैकीं एकूणसाठ गुण मिळविणाऱ्या मुलाची आपण पाठ थोपटतों. नळाच्या बाबतींत तो नापास.

शेतांत यंदा हळद होती. हिंगोली-वसमतकडे हळदीवर अनेक कुटुंबांचें वर्ष अवलंबून असतें. हळद ज्येष्ठांत लावतात व माघ-फाल्गुनांत काढतात. मधल्या हिवाळ्यांत जमिनीखालीं कंद पोसतो. त्या दिवसांत पाण्याची पाळी चुकली तर वर पानें कांहीं काळ हिरवीं दिसतात, पण खालीं कंद बारीक राहतो, आणि तें कळतें तें काढणीच्या वेळीं, इलाज संपल्यावर.

मास्तरकीची एक खोड मला अजून आहे, ती म्हणजे वही. दरवर्षीं दिवाळीनंतर मी शेतावरच्या तोंडाशीं दोनशे लिटरचें पिंप ठेवून तें किती वेळांत भरतें तें टिपून ठेवतों. मागील वर्षीं तीस सेकंद लागले होते. यंदा चाळीस लागले. दोरी सोडून विहिरींतील पाणी मापलें, तें गेल्या वर्षीइतकेंच होतें. मोटारींत कांहीं बिघाड नव्हता. मग पाटी घेऊन बसलों. तीस सेकंदांत दोनशे लिटर म्हणजे सेकंदाला सहा लिटर आणि दोनतृतीयांश. चाळीस सेकंदांत म्हणजे पांच लिटर. सेकंदाला एक लिटर आणि दोनतृतीयांश कमी. आमच्याकडे शेतीची वीज आठ तास. आठ तासांचे २८,८०० सेकंद. त्यांचा या फरकानें गुणाकार केला तेव्हां उत्तर आलें अट्ठेचाळीस हजार लिटर! बारा हजार लिटरांच्या टँकरांनीं मोजलें तर रोज चार टँकर. मीं पाटी पुसून पुन्हां मांडणी केली. उत्तर बदललें नाहीं.

माझा बटईदार नुसता मान हलवून म्हणाला, “गुरुजी, कुठं तरी पानी मुरतंय.” आणि हें म्हणतांना त्यानें शेजाऱ्याच्या वावराकडे पाहिलें. त्या वावरांत कोरडवाहू हरभरा होता, पण त्याचा एक पट्टा इतरांच्या कोरडवाहू हरभऱ्याहून स्पष्ट हिरवागार होता. दुसऱ्याच्या पुरलेल्या नळाला रात्रीं गुपचूप ‘टी’ बसवून पाणी घेतल्याच्या गोष्टी खेड्यांत ऐकावयास मिळतात. तो शेजारी माझा विद्यार्थी. सातवींत असतांना त्यानें मला एकदां चालतांना पडलेलें पाकीट परत आणून दिलेलें. तें सर्व मला आठवलें, तरीहि मी त्या हिरव्या पट्ट्याकडेच पाहत राहिलों. त्याला मीं कांहीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें. त्याऐवजीं मी त्याला टाळूं लागलों, आणि एके दिवशीं सकाळीं हिंगोलीस जाऊन एका अर्जनवीसासमोर बसलों.

अर्जनवीस जुना व शहाणा होता. त्यानें अर्ज लिहिण्यापूर्वीं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचें कलम ४९ काढून माझ्यापुढें ठेवलें. शेजाऱ्याच्या जमिनींतून पाणी नेण्यासंबंधीं हें कलम आहे. मी तें हत्यार शोधावयाच्या बुद्धीनें वाचूं लागलों आणि वाचतां वाचतां माझाच चेहरा उतरला. त्यांतील बहुतेक सारीं कर्तव्यें पाणी नेणाराचीं, म्हणजे माझीं ! जमिनीखालील नळ पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असला पाहिजे. तो दुरुस्त स्थितींत ठेवण्याचें काम पाणी नेणाराचें. दुरुस्तीसाठीं खणावयाचें तर शेजाऱ्यास आगाऊ कळविलें पाहिजे, गरजेपेक्षां अधिक जमीन उकरतां कामा नये, उभ्या पिकाचें होतां होईल तों नुकसान टाळलें पाहिजे, आणि उकरलेली जमीन स्वखर्चानें पूर्ववत् करून दिली पाहिजे. नुकसान झालें तर भरपाई वेगळीच. अर्धा मीटर हे शब्द वाचतांना मला गाडीवाटेजवळची एक जागा आठवली. पण ती आठवण मीं त्या वेळीं मागें सारली.

कौटिल्यानेंहि या प्रश्नाचा विचार केला आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, पाण्याचा सांठा, पाट अथवा वाफे वापरतांना दुसऱ्याच्या शेतांतील नांगरट किंवा पेरलेलें बीं बिघडलें तर जेवढा बिघाड तेवढें मोल द्यावें, असा दंडक आहे. दुसऱ्या अधिकरणांत हातानें उपसलेल्या पाण्यावर पंचमांश, खांद्यावरून वाहिलेल्यावर चतुर्थांश, आणि यंत्रानें ओढून पाटानें नेलेल्यावर तृतीयांश असा चढता कर सांगितला आहे. पाणी जसें कमी कष्टानें मिळतें तशी त्याची जबाबदारी वाढते, असा मी याचा अर्थ शाळेंत सांगत असें. सांगत असें, एवढेंच.

अर्ज अर्धवट ठेवून घरीं परतलों, तों शेजारीच ओट्यावर बसलेला ! तो रागावलेला नव्हता, काळजींत होता. “गुरुजी, माह्या हरभऱ्यात पानी साचलंय. चार दिवसांपासून रोज सकाळी वाढतंय. तुमचा पाइप फुटला असंल. हरभरा पिवळा पडायला लागला.” हरभऱ्याच्या मुळांशीं पाणी साचून राहिलें कीं मुळें कुजतात आणि उभीं झाडें माना टाकतात, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. जो हिरवा पट्टा मला चोरीचा पुरावा वाटत होता तो माझ्याच पाण्यानें आधीं हिरवा केला होता, आणि आतां तेंच पाणी त्याला मारीत होतें. माझ्या खिशांत अर्जाचा कच्चा मसुदा होता. तो मीं नंतर चुलींत घातला. पण हें त्या दिवशीं त्याला सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघे कुदळ, पावडें घेऊन त्या ओल्या जागेवर गेलों. शेजाऱ्यानें स्वतःच्या हातानें हरभऱ्याचीं झाडें उपटून बाजूस ठेवलीं. तीन फूट खणलें. खालीं चिखल, चिखलांत नळ, आणि नळ धडधाकट ! दोन्ही बाजूंस पांच-पांच फूट मोकळा केला, चिंधीनें पुसला. एकहि चीर नाहीं, सांधा नाहीं. बटईदार म्हणाला, “इथं न्हाई.” वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक संपूर्ण अध्याय आहे. जमिनीखालून पाण्याच्या शिरा कशा वाहतात आणि वारुळें, झाडें, मातीचा रंग यांवरून त्या कशा ओळखाव्या, हें त्यांत सांगितलें आहे. पाणी कोठें सांपडेल हें आचार्यांनीं सांगितलें. हरवलेलें पाणी कोठून निसटलें हें शोधण्याचें काम आमच्यावर सोडलें.

संध्याकाळीं घरीं मी हें सारें सांगत होतों. सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “गाडीवाटेच्या कडेला पाहिलंत का ? सगळीकडची हरळी वाळली, पण तेथें महिनाभर कोंवळ्या दूर्वा मिळताहेत. परवांच्या संकष्टीला मीं तेथूनच आणल्या.” मी चकित होऊन पाहत राहिलों. ज्या जागेची आठवण हिंगोलीस मीं मागें सारली होती तीच ही जागा. ती ओल्या जागेपासून सुमारें पन्नास फूट वर, चढाकडे होती.

त्या आठवड्यांत वीज रात्रींची होती. तें एका अर्थीं बरेंच झालें. मोटार बंद असतांना बारीक चीर मिटते आणि नळ निर्दोष भासतो. पाण्याचा दाब आला कीं ती उघडते. आम्ही दिवसाउजेडीं वाटेची कडा खणून नळ उघडा केला आणि रात्रीं विजेऱ्या घेऊन बसलों. खटका दाबल्यावर मिनिटाभरांत नळाच्या फुगीर तोंडाजवळून वीतभर लांबीची पाण्याची पातळ पात फुसकन् बाहेर आली आणि समोरच्या मातीवर आदळली. शेजारी पुढें होता. तो नखशिखांत भिजला आणि हंसूं लागला. मला हंसूं आलें नाहीं. कारण नळ तेथें एक फूटहि खोल नव्हता.

त्याचें कारण मला ठाऊक होतें. २०११ सालीं चर खणतांना गाडीवाटेखालीं कठीण मुरूम लागला. मजूर म्हणाले, आणखी एक दिवस लागेल. मीं म्हटलें, राहूं द्या, वाट आहे, येथें कोण नांगरणार ! एका दिवसाची मजुरी वांचली. नांगर खरोखरच आला नाहीं, ट्रॅक्टर आले. ओझ्यानें भरलेल्या ट्रॉल्या बारा-तेरा वर्षें त्या नळावरून गेल्या, मुरमांतला एक टोंकदार दगड नळाच्या अंगाशीं होता तो दर वेळीं थोडा थोडा रुतत गेला, आणि शेवटीं नळ चिरला.

आतां पाणी पन्नास फूट खालीं कां निघालें तें सांगतों. कारण या कामांत सर्वांची फसगत होते ती येथेंच. वाटेचा पृष्ठभाग चाकांनीं दडपून दगडासारखा झालेला. त्यामुळें पाण्यास वर वाट नव्हती, केवळ कडेच्या हरळीला ओल मिळत होती. परंतु नळाच्या भोंवतीं बुजविलेली चराची माती नेहमींच आजूबाजूच्या अस्पर्श जमिनीपेक्षां भुसभुशीत असते. तिच्यांतून, नळाच्या बाहेरून, पाणी उताराकडे वाहूं लागलें. जेथें मुरूम संपून काळी माती लागते तेथें तें अडलें; काळी माती भिजली कीं फुगते आणि तिच्यांतील छिद्रें मिटतात. अशा रीतीनें जमिनीखालीं एक बंधाराच तयार झाला आणि त्याच्या मागें सांचलेलें पाणी वर आलें. म्हणून ओल दिसली तेथें आधीं खणावें हें खरें, पण नळ शाबूत निघाला तर चराच्या तळाची ओल ज्या बाजूनें येत असेल त्या बाजूस, बहुधा चढाकडे, सरकत जावें. नळावर मध्यें व्हॉल्व असेल तर तो बंद करून आधीं अर्ध्या नळाची परीक्षा घ्यावी, मग उरलेल्या अर्ध्याची. खणण्याचे श्रम पुष्कळच वांचतात.

काळ्या मातीचा स्वभाव मराठवाड्यांतल्या प्रत्येकानें भिंतींच्या भेगांवरून ओळखलेला आहे. बसाल्ट खडक झिजून झालेली ही माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत इतकी आकसते कीं हातभर काठी भेगेंत सहज जाते. तिच्यांत उथळ पुरलेला नळ दरवर्षीं वर-खालीं ओढला जातो. शिवाय पीव्हीसी उष्णतेनें बराच वाढतो. सहा मीटरांचा तुकडा वीस अंशांनीं तापला तर सुमारें आठ मिलिमीटर लांब होतो. वैशाखांत भर दुपारीं सांधे जोडून लगेच चर बुजविला तर पुढें थंड पाण्यानें नळ आंखडतो आणि सांध्यांवर ताण पडतो. सांधे सकाळीं अथवा सायंकाळीं जोडावे असें जाणते सांगतात तें याचसाठीं. त्यांत वीज अकस्मात् गेली म्हणजे चढावरचें पाणी मागें फिरून आदळतें. दहा मीटर उंचीचें पाणी दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब घालतें, हें आपण शाळेंत शिकतों. तेंच पाणी वेगांत असतां एकाएकीं थांबविलें तर दाब क्षणभर त्याच्या कित्येक पट होतो. आमचे पूर्वज याबाबत सावध होते. अहमदनगरचे निजामशाहींतील खापरी नळ, औरंगाबादेची मलिक अंबराची नहर, पेशवाईंत कात्रजहून पुण्यास आणलेलें पाणी, हीं कामें जमिनीखालचींच. त्यांवर ठिकठिकाणीं उभे दगडी मार्ग काढलेले असत. कोंडलेली हवा त्यांतून निघून जाई आणि आंत काय चाललें आहे तेंहि पाहतां येई. मीं माझ्या नळावर असा एकहि उच्छ्वास ठेवला नव्हता.

दुरुस्ती वाटली तितकी सोपी नाहीं. पहिली अडचण पाण्याचीच. मोटार बंद केली तरी चढावरच्या नळांतील पाणी तासन् तास पाझरत राहतें, आणि ओल्या नळावर सोल्युशन धरत नाहीं. नळाखालीं हातभर खोल खड्डा करून पाणी त्यांत उतरूं दिलें आणि भांड्यानें उपसत राहिलों. चिरलेला भाग दोन्हीकडे वीत-वीत जास्त धरून आरीनें अगदीं काटकोनांत कापून काढला. चीर डोळ्यांस दिसते तिच्यापुढेंहि गेलेली असते, म्हणून हा जास्तीचा भाग. दुसरी अडचण मोठी गंमतीची आहे. नळाचीं दोन्ही टोंकें जमिनींत घट्ट. मग मधला तुकडा आंत शिरावा कसा? आमचा बटईदार म्हणाला कीं, गोवरीवर टोंक तापवून मऊ करूं आणि दडपून बसवूं. खेड्यांत असेंच करतात, आणि अशा ठिकाणीं नळ पुन्हां फुटतो. कारण तापवून ताणलेल्या जागीं त्याची जाडी कमी होते. त्याऐवजीं दोन्ही बाजूंस दहा-दहा फूट नळ मोकळा करावा, म्हणजे त्याला थोडी कमान देऊन टोंकें उचलतां येतात; तुकडा दोन्ही कपलिंगांत बसवून कमान हळूच खालीं दाबली कीं काम झालें. मधला तुकडा मात्र नेमका मापून घ्यावा. पहिल्या वेळीं तो बोटभर आंखूड झाला. चूक माझीच, फीत मी धरली होती.

टोंकें कानशीनें किंचित् उतरतीं करावीं, पॉलिश कागदानें घासून कोरड्या फडक्यानें पुसावीं, सोल्युशन आंतून-बाहेरून दोन्हीकडे पातळ लावावें, टोंक आंत ढकलतांना पाव फेरा द्यावा आणि अर्धा मिनिट तसेंच दाबून धरावें. नंतर धीर पाहिजे. दाब देण्यापूर्वीं पुरा दिवस जाऊं द्यावा. बटईदार हळदीच्या पाळीसाठीं कासावीस झाला होता. त्याचें वर्ष तिच्यावर होतें आणि माझें निम्मेंच. तरी आम्ही एक रात्र सोडली. दुसऱ्या रात्रीं खड्डा उघडाच ठेवून मोटार लावली, व्हॉल्व हळूहळू उघडला, आणि सांध्यांवर विजेरी धरून तिघे वांकून बसलों. एक थेंबहि नाहीं. मग गाडीवाटेखालचा चर आम्ही पहारीनें फोडून अडीच फूट खोल केला. त्या कामाला नेमका एक दिवस लागला. तळाशीं वीतभर वाळू, वाळूवर नळ, वर पुन्हां वाळू, मग दगड वेंचलेला मुरूम, थराथरानें दडपून. पंधरा फुटांवर टी बसवून एक उभा नळ आणि त्यावर हवेचा व्हॉल्वहि काढला.

भरपाईचा प्रश्न उरला. हरभऱ्याचा अदमासें दोन गुंठ्यांचा तुकडा गेला होता. मीं रक्कम काढून पुढें केली. शेजाऱ्यानें ती घेतली नाहीं. तेव्हां मात्र मला राहवेना. अर्जाची सर्व हकीकत मीं त्याला सांगितली, त्यांत त्याचें नांव लिहिलें होतें तेंहि. तो बराच वेळ बांधावरच्या मातीकडे पाहत राहिला. “टी बसवायचा असता तर विचारलं असतं, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला, आणि उठून गेला. आठ दिवस आला नाहीं. हे आठ दिवस मला फार लांब गेले.

नवव्या दिवशीं तो आला आणि म्हणाला कीं, पैसे नकोत. पुढच्या वर्षीपासून हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळीं एक पाणी मिळालें तर बरें होईल. कोरडवाहू हरभऱ्याला त्या वेळीं एक पाळी मिळाली तर उत्पन्नांत केवढा फरक पडतो तें मला माहीत होतें, आणि त्याच्या वावराखालून माझें पाणी तेरा वर्षें जात असून मला हें कधीं सुचलें नव्हतें. एका कागदावर आम्ही दोघांनीं लिहिलें : वर्षास दोन रात्री, विजेचा खर्च ज्याचा त्यानें द्यावयाचा, नळ फुटल्यास दुरुस्ती माझी. बटईदाराची सही साक्षीदार म्हणून घेतली. त्यानें आधीं दोन रात्रींचें पाणी हळदीला कमी पडणार नाहीं ना हें तीनदां विचारून घेतलें.

मग गाडीवाटेच्या अलीकडे, त्याच्या हद्दींत, आम्ही नळाला टी बसविला. आरी त्यानें चालविली, सोल्युशन मीं लावलें. दुसऱ्या रात्रीं शेतावरच्या तोंडाशीं पिंप ठेवून मोजलें : एकतीस सेकंद. तो एक सेकंद कोठें गेला म्हणून बटईदार अजून मला विचारतो.